प्रत्येक दिवसाचा खुलासा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी ऑगस्टात फोन करतात. "साबळेकाका, तुमच्या कोर्टकचेरीच्या नोकरीवर लिहा ना काहीतरी." मी दरवर्षी दुसरंच काहीतरी देतो. एका वर्षी लखनौत कोकम कुठे मिळतं ते लिहिलं, एका वर्षी छावणीतल्या गणपतीच्या आठवणी. गेल्या वर्षी तर गुडघ्यांच्या व्यायामांवर लिहिलं आणि ते लोकांना आवडलंही. पण नोकरीवर लिहायचं मी निवृत्त झाल्यापासून टाळत आलो. लिहायला बसलो की एकच प्रकरण समोर यायचं. मग कागद बाजूला ठेवून मी सब्जी आणायला तेलीबागच्या बाजारात निघून जायचो.

यंदा लिहितो आहे. गेल्या हिवाळ्यात जे करायला गेलो होतो ते जमलं नाही, म्हणून.

आधी नोकरी काय होती ते सांगतो. एका मोठ्या सरकारी बांधकाम खात्यात मी विधी अधिकारी होतो. खात्याचं नाव लिहीत नाही. कामगार कामावर असताना जायबंदी झाला किंवा दगावला, तर भरपाई मालकाने द्यायची, असा कायदा आहे. दावा कामगार आयुक्तांपुढे चालतो. निकाल खात्याविरुद्ध गेला, तर रक्कम आयुक्तांकडे जमा करून साठ दिवसांच्या आत हायकोर्टात अपील करता येतं. ही अपिलं चालवायला खात्याच्या पॅनेलवर वकील असत आणि त्या वकिलांवर देखरेख करायला मी. देखरेख हा शब्द फार मोठा झाला. कोणत्या वकिलाला कोणती फाईल द्यायची, अपील करावं की नाही यावर त्याचं लेखी मत घ्यायचं, कागद पुरवायचे, तारखेला कोर्टात मागच्या बाकावर बसायचं आणि संध्याकाळी साहेबांच्या शिव्या वकिलाच्या वतीने खायच्या. वकील माझ्याहून हुशार होते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

एका बाबतीत मात्र माझ्या तोडीचा कोणी नव्हता. आमच्या खात्यात फाईल टेबलामागून टेबल फिरत राही आणि साठ दिवस केव्हाच उलटून जात. मग अपिलाबरोबर विलंब माफ करा असा अर्ज जोडावा लागे. कोर्ट म्हणे, उशिराच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा द्या. तो खुलासा लिहायचा मी. अमुक तारखेला फाईल तमुक विभागाकडे गेली, संबंधित बाबू रजेवर होते, मग होळी आली, मग निवडणुकीची ड्यूटी लागली. वाचताना असं वाटावं की सगळं खातं जिवाचं रान करत होतं आणि केवळ दैव आडवं आलं. दुसऱ्या खात्यांतले लोक माझ्याकडून असे खुलासे लिहून घ्यायला येत. "साबळे साहब, ज़रा अपनी कलम चला दीजिए." मी चालवायचो. मला त्याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडासा अजूनही आहे.

हे कौशल्य मी माकडामुळे शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एकदा खरोखरच खिडकीतून माकड आलं आणि टेबलावरची फाईल घेऊन गेलं. तीन दिवसांनी शेजारच्या इमारतीच्या टाकीत तिचा लगदा सापडला. मी शपथपत्रात जसं घडलं तसं लिहिलं. न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि आमच्या वकिलाला म्हणाले, "अगली बार बंदर का हलफ़नामा भी साथ लाइएगा." सगळं कोर्ट हसलं आणि अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर मी खरं कधी लिहिलं नाही, आणि माझे अर्ज फारसे फेटाळलेही गेले नाहीत.

आता ते प्रकरण.

रायबरेली रस्त्यापलीकडच्या एका गावात आमच्या खात्याची पाण्याची टाकी बांधली जात होती. काम ठेकेदाराकडे होतं. बाबूलाल नावाचा मजूर परांचीवरून पडला आणि जागीच गेला. ठेकेदार दुसऱ्या दिवशी पसार झाला. बाबूलालच्या बायकोने, रामदुलारीने, दावा केला. अशा वेळी कायदा अगदी स्पष्ट आहे. काम ज्याचं, त्याने आधी भरपाई द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. आयुक्तांनी तसाच निकाल दिला.

फाईल मी मतासाठी सबीहा रिज़वी यांच्याकडे पाठवली. पॅनेलवरच्या वकिलांत त्या वयाने सगळ्यांत लहान, चाळिशीच्या आतल्या. गोलागंजमध्ये वडिलांच्या जुन्या घरात खालच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. बोलणं इतकं मऊ की समोरच्या वकिलाला आपण हरलो हे कोर्टाबाहेर गेल्यावर कळायचं. आठ दिवसांत त्यांचं मत आलं. बाकीचे वकील चार पानं लिहीत, कारण अपील झालं की काम त्यांनाच मिळणार असे. यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. "अपील योग्य मामला नहीं है। विधवा को भुगतान कर दिया जाए।"

मी त्या दोन ओळी किती वेळ बघत बसलो होतो! मत बरोबर होतं. पण फाईल वर पाठवताना खाली माझी शिफारस लिहावी लागणार होती, आणि आमच्याकडे "अपील नको" असं लिहायची हिंमत कोणी करत नसे. अपील केलं आणि हरलो, तर कोणी काही विचारत नाही. अपील केलं नाही, तर मात्र विचारतात, का नाही केलं? विधवेकडून काही घेतलंत का? माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने एकदा तसं लिहिलं होतं. त्याची चौकशी निवृत्तीनंतरही चालू होती. माझ्या मुलीचं लग्न त्याच हिवाळ्यात ठरलेलं होतं.

त्यातच रामदुलारी ऑफिसात आली. सडपातळ बांध्याची बाई, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. बरोबर मुलगी होती, कंचन, बारावीतली. बाहेरच्या बाकावर बसलेली असताना मी कोण ते कोणीतरी तिला सांगितलं असावं. पण मी तिच्या विरुद्ध पक्षाचा, हे तिला कळलेलं नव्हतं. "बाबूजी, बिटिया को नर्स का कोर्स करना है. जुलाई में दाखिला है. तब तक हो जाएगा न?"

"हो जाएगा," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी फाईल उचलली आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, इथल्या भाषेत दराज़मध्ये, ठेवून कुलूप लावलं. विचार असा, की साठ दिवस निघून जाऊ देत. अपिलाची मुदत संपली की खात्याला पैसे द्यावेच लागतील. मला "अपील नको" असं लिहावंही लागणार नाही आणि बाईचं कामही होईल. ही युक्ती माझी एकट्याची नव्हती. आमच्यासारख्या भित्र्या माणसांना चांगलं काम करायचं असेल तर ते असंच करतात, कुलूप लावून. त्या दिवशी मी घरी येऊन शालिनीला, माझ्या पत्नीला, मोठ्या खुशीत सांगितलं. ती म्हणाली, "आणि कोणी खण उघडायला लावला तर?" मी हसलो.

साठ दिवस गेले. मी कॅलेंडरकडे बघत दिवस मोजत होतो. मध्ये एकदा सबीहाजींनी विचारलं, "वो टंकी वाली फाइल ऊपर गई?" मी म्हणालो, "जी, भेज दी." पुढच्या सगळ्याची सुरुवात त्या उत्तराने झाली, पण तेव्हा ते मला साधं औपचारिक उत्तर वाटलं.

मग जे व्हायला नको होतं ते झालं. पैसे आले नाहीत म्हणून आयुक्तांनी वसुलीचा आदेश काढला, आणि तहसिलीतला अमीन, म्हणजे वसुली करणारा कारकून, जप्तीचा कागद घेऊन थेट आमच्या मुख्य अभियंत्यांच्या गाडीसमोर उभा राहिला. साहेब गाडीत बसत होते. गाडीच्या काचेवर नोटीस चिकटवायची त्याची तयारी होती. सगळी इमारत गॅलरीत जमली. पाच मिनिटांत मला बोलावणं आलं.

"साबळे! ये टंकी वाला मामला क्या है? अपील क्यों नहीं हुई? फाइल कहाँ थी?"

माझ्या खिशात खणाची किल्ली होती. मांडीला तिचा स्पर्श जाणवत होता. उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही.

"सर, फाइल वकील साहिबा के यहाँ रह गई थी."

साहेब म्हणाले, "तो फिर लिखकर दो, और अपील डालो. आज ही."

रक्कम जमा झाली, अपील दाखल झालं. एकशे चार दिवसांचा उशीर होता. अपिलाचे कागद सबीहाजींनीच सही करून दिले. नाराजीने दिले, पण पॅनेलच्या वकिलाला नाही म्हणता येत नाही. माझ्या ठरीव पद्धतीचा विलंबाचा अर्ज होता. पहिल्याच तारखेला न्यायमूर्ती म्हणाले, हे मोघम आहे, प्रत्येक दिवसाचा खुलासा द्या, दोन आठवड्यांत नवं शपथपत्र आणा.

ते दोन आठवडे मी धड जेवलो नाही. फाईल अमुक बाबूकडे होती असं लिहावं, तर तो बाबू लगेच नाकारणार. साहेबांसमोर एकदा बोलून बसलो होतो, आता तेच कागदावर यायला हवं होतं. मी लिहिलं, पत्रावली, म्हणजे फाईल, मतासाठी विद्वान अधिवक्त्यांकडे पाठवली होती आणि त्यांच्या कार्यालयात अनवधानाने पडून राहिली. ऐंशीहून जास्त दिवस एका वाक्यात निकाली निघाले. शपथपत्राचा मसुदा वकिलाला दाखवून मगच शपथ घ्यायची, हा मीच घालून दिलेला नियम. तो मी मोडला. तारखेच्या दिवशी सकाळी परस्पर शपथ घेतली आणि पुकारा व्हायच्या जेमतेम पाच मिनिटं आधी ते त्यांच्या हातात दिलं.

तेव्हा कोर्ट कैसरबागच्या जुन्या इमारतीत होतं. मी मागच्या बाकावर बसलो. सबीहाजींनी कागद वर दिला, स्वतः दुसऱ्या प्रतीचं पहिलं पान वाचायला लागल्या. न्यायमूर्ती आधी शेवटच्या पानावर गेले.

"मॅडम, इसमें तो लिखा है फाइल आप ही के चेंबर में पड़ी रही. तीन महीने?"

सबीहाजींनी पान उलटलं. वाचलं. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, शोधावं तसं बघितलं. त्यांच्या मुनशीच्या, म्हणजे कारकुनाच्या, वहीत फाईल परत मिळाल्याची माझ्या शिपायाची सही होती. ती वही त्यांनी मागवली असती तर तिथल्या तिथे मी खोटं शपथपत्र केल्याबद्दल उभा राहिलो असतो. नोकरी गेली असती, मुलीचं लग्न मोडलं असतं. मी बाकाची कड धरून ठेवली होती. अपील मात्र तिथेच संपलं असतं आणि रामदुलारीला महिन्याभरात पैसे मिळाले असते. हेही मला त्या क्षणी कळत होतं.

सबीहाजी पुढे वळल्या. "जी, माय लॉर्ड. मुझसे चूक हुई."

विलंब माफ झाला. अपील दाखल करून घेतलं गेलं आणि निकाल लागेपर्यंत रक्कम विधवेला देऊ नये, असा स्थगितीचा आदेश झाला. आदेशात एक ओळ होती, की अधिवक्त्याच्या हलगर्जीपणाचा त्रास पक्षकाराला होऊ नये.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी फाईल बांधता बांधता म्हटलं, "साबळे साहब, ज़रा पहले बता दिया होता. मैं अपने लिए कोई अच्छी-सी बीमारी सोच लेती." आणि मग हळूच, "घर में सब ख़ैरियत है न?"

माझ्यावर काहीतरी मोठं संकट आलं असणार, एवढंच त्यांनी धरलं होतं. मी मान हलवली आणि खाली उतरलो.

वर्षअखेरीला पॅनेलचं नूतनीकरण आलं. त्या आदेशातली ओळ साहेबांनी लाल शाईने अधोरेखित करून माझ्याकडे पाठवली आणि देखरेख अधिकारी म्हणून माझं म्हणणं मागितलं. चूक त्यांची नव्हती, एवढं एकच वाक्य मला लिहायचं होतं. मी लिहिलं, "कोई टिप्पणी नहीं।" त्यांचं नाव गेलं. पॅनेलवरून काढलेल्या वकिलाकडे बाकीची खातीही फिरकत नाहीत. नंतर त्या मजुरांच्या बाजूने दावे चालवायला लागल्या. आयुक्तांच्या ऑफिसात कधी समोरासमोर आलो तर आदाब करायच्या. मी दुसऱ्या जिन्याने जायला शिकलो.

अपील साडेसहा वर्षं चाललं. दर तारखेनंतर रामदुलारी ऑफिसात यायची, बाकावर बसायची. मी "लगा हुआ है", म्हणजे प्रकरण चालू आहे, म्हणायचो. पहिल्या वर्षानंतर तिने जुलैचं नाव काढणं सोडलं. शेवटी अपील फेटाळलं गेलं. निकाल अर्ध्या पानाचा होता आणि त्यात जे लिहिलं होतं ते सबीहाजींच्या दोन ओळींपेक्षा वेगळं काही नव्हतं. पैसे मिळाल्यावर रामदुलारी पेढ्यांचा पुडा घेऊन आली. "बाबूजी, आपकी किरपा से हुआ." तिने स्वतःच्या हाताने पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाल्ला. कंचन नर्स झाली का, हे मी विचारलं नाही. काही महिन्यांनी निवृत्त झालो. माझ्या निरोप समारंभात एक वकील म्हणाले, साबळे साहेबांनी उभ्या आयुष्यात एकाही वकिलावर आळ येऊ दिला नाही. टाळ्या पडल्या.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. घरातल्या टेबलाचा खालचा खण मी दिवसातून चार वेळा उघडून बघतो. त्यात लाइटची बिलं आणि नातीच्या रंगपेट्या असतात. दारावर बेल वाजली की आधी तिकडेच नजर जाते. गेल्या हिवाळ्यात शालिनी म्हणाली, "किती वर्षं खण तपासणार आहात? जा आणि त्यांना सांगून या. आणि त्यांना कळेल अशा भाषेत सांगा, आमच्यासारखं आडून आडून नको."

म्हणून जानेवारीत गोलागंजला गेलो. कोर्ट आता गोमतीनगरला गेलं, पण सबीहाजींचं ऑफिस त्याच खालच्या खोलीत आहे. केस सगळे पांढरे झालेत. मला बघून उठून उभ्या राहिल्या. "अरे, साबळे साहब! तशरीफ़ रखिए. घुटने कैसे हैं? ये सर्दी तो जान ले लेगी." आत वळून म्हणाल्या, "कंचन, देखो कौन आया है. कश्मीरी चाय मँगवाओ."

टाइप करता करता एक पस्तिशीची बाई उठून आली आणि माझ्या पाया पडली. "अंकल, पहचाना? टंकी वाले बाबूलाल की बेटी. अम्मा आपको बहुत याद करती हैं. अब आँख से कम दिखता है, पर आपका नाम लेती हैं."

नर्सिंगचं राहिलं ते राहिलंच, हे मला तिथे कळलं. पैसे आले तेव्हा शिकायचं वय निघून गेलं होतं. सबीहाजींनी तिला टायपिंग शिकवून स्वतःकडे ठेवलं होतं. आता ती मजुरांचे दावे टाइप करते. "सबसे अच्छा जानती हैं, देरी की अर्ज़ी का जवाब कैसे देना है," सबीहाजी कौतुकाने म्हणाल्या. "सरकार की ओर से आई एक-एक तारीख़ काटती हैं."

तो गुलाबी काश्मिरी चहा आला. मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य तोंडात घोळवत होतो. कंचन तिथेच बसली होती. ती आत जाईल, मग बोलू, असं ठरवलं. ती आत गेली. तरी मी हवामानाबद्दल बोलत राहिलो.

मग सबीहाजींनीच कप खाली ठेवला. "एक बात पूछूँ? अब तो न आपकी नौकरी रही, न किसी का डर. वो फाइल आख़िर थी कहाँ? मैं आज तक सोचती हूँ. आपके साहब ने दबा रखी थी न?"

इतकी वर्षं मी याच प्रश्नाला घाबरत होतो आणि याच प्रश्नाची वाटही बघत होतो. समोर दार सताड उघडं होतं. फक्त आत जायचं होतं.

"पता नहीं," मी म्हणालो. "दफ़्तर में ही कहीं रही होगी."

त्यांनी केटली जवळ ओढली. मग म्हणाल्या, "हाँ, दफ़्तर में चीज़ें खो ही जाती हैं," आणि मला आणखी चहा ओतला. दारापर्यंत सोडायला आल्या. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की मी पुन्हा एकदा खोटा खुलासा दिला, आणि या वेळी तर कोणी शपथही घातली नव्हती.

हे मी मराठीत लिहितो आहे. लखनौत हा अंक किती घरांत जातो, मला माहीत आहे. गोलागंजला जात नाही. माझी नातही तो वाचत नाही, तिला मराठी कळतं पण वाचायचा कंटाळा येतो. म्हणजे इथेही मी पळवाट ठेवलीच आहे. शालिनीने हा मजकूर वाचला आणि एवढंच म्हणाली, "शेवटचं वाक्य तरी त्यांच्या भाषेत लिहा. निदान पुन्हा गेलात तर हातात धरून वाचता येईल." म्हणून लिहितो.

माफ़ कीजिए, सबीहाजी। फाइल मेरी दराज़ में थी।